कासिमचाचांच्या तेवीस पायऱ्या

चाचा, तुम्हाला आलेला प्रत्येक कागद मी वाचून दाखवला. कचेरीचे हुकूम, होटगीला रेल्वेत असलेल्या तुमच्या जावयाची पत्रं, आणि एकदा तर कुणीतरी तुमच्याच विरुद्ध केलेला निनावी अर्ज. तो अर्ज सबंध ऐकून घेऊन तुम्ही एवढंच विचारलंत, "अक्षर बरं हाय का रं त्याचं?" हा कागद मात्र तुम्हाला वाचून दाखवता येणार नाही. तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. आज सकाळी बारवेवर गवंडी आले, त्यांनी चुना कालवायला घेतला, आणि मी कचेरीत येऊन दार लोटून लिहायला बसलो.

साप्ताहिकाचे संपादक म्हणाले, तुमच्या दरोग्यांवर चार शब्द लिहून पाठवा. नोकरी किती वर्षं झाली, कोणती कामं केली, ते कळवा. ते मी कळवणार नाही. नोकरीची वर्षं आपल्या मुन्शिपालटीच्या दप्तरात आहेत. झाडू, दिवाबत्ती, कोंडवाडा आणि पाणी ही चार खाती तुमच्याकडे होती, हेही दप्तरात आहे. दप्तरात नाही असं एक मला सांगायचं आहे. ते तुम्हालाच सांगायचं आहे. गावानं बाजूला उभं राहून ऐकलं तर ऐकावं.

आपली ओळख पाटीमुळे झाली. बारवेच्या कमानीवर मुन्शिपालटीनं पत्र्याची नवी पाटी ठोकली होती, आणि माझे वडील त्या पाटीच्या बरोबर खाली, पहिल्या पायरीवर, गावचे कपडे आपटत बसले होते. आम्ही परीट. ओढा आटला होता, दुसरीकडे जायला पाणी नव्हतं. तुम्ही खाकी कोट घालून आलात आणि ओलं गाठोडं उचललंत.

"रामा, पाटी दिसत न्हाय व्हय?"

"दिसती की," वडील म्हणाले. "पर ती काय म्हनती ते मला कुटं कळतंय?"

मी तेव्हा मराठी दुसरीत होतो. मी मोठ्यानं वाचलं, येथे कपडे धुण्यास मनाई आहे. तुम्ही पाटीकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "मला बी आजच कळलं." मग गाठोडं परत दिलंत आणि वडिलांना दम भरलात, "पुन्ना हितं दिसलास तर म्हशीसंगं कोंडवाड्यात घालीन तुला. आन् ह्या पोराला शाळंतनं काढलंस तर बी घालीन."

तुम्हाला कुराणातली अक्षरं लागायची, बाळबोध लागत नसे. मुकादमाचे दरोगे झालात ते कामावर. लिहिण्याचं काम कारकून करी. पुढं मी करू लागलो. मी मराठी शाळा संपवली तेव्हा सोलापूरच्या हायस्कुलात माझं नाव घालायला वडिलांबरोबर तुम्ही आलात, कारण वडिलांना स्टेशनातली गर्दी पाहूनच घाम फुटला होता. हेडमास्तरांनी विचारलं, "मुलाचे पालक कोण?" वडील मागं सरकले. तुम्ही पुढं झालात. "दोगं बी, साहेब. ह्यो कपडे धुतो, मी गाव झाडतो. एकाच खात्यातले हावं." हेडमास्तर हसले आणि माझं नाव घातलं गेलं. चाचा, मी पुण्याला जाऊन बी. ए. झालो, त्याची सुरुवात त्या हसण्यात आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तोंडावर कौतुक केलं की तुम्ही विडी शोधायला लागायचात.

मी याच कचेरीचा चिटणीस होऊन आलो त्या दिवशी तुम्ही दारात टाचा जुळवून सलाम ठोकलात. मी लाजून खुर्चीतून उठलो. तुम्ही जवळ येऊन हळू आवाजात म्हणालात, "बस खाली. सलाम खुर्चीला हाय. तुला भाईर बघतो."

बाहेर तुम्ही मला बघायचात ते बारवेच्या कट्ट्यावर. संध्याकाळी हजेरी संपली की आपण तिथं बसत असू आणि तुम्ही गावाचा इतिहास सांगत असा. मी कॉलेजात असताना सरकारी पुस्तकात आपलं गाव शोधलं होतं. एक ओळ सापडली: लोकसंख्या, आठवड्याचा बाजार, आणि पायऱ्यांची एक जुनी विहीर. मी तुम्हाला ती ओळ मोठ्या अभिमानानं वाचून दाखवली. तुम्हाला राग आला. "येकच? करमाळ्याला किती लिवल्यात?" मी म्हणालो, करमाळ्याला पानभर आहे. मग आठ दिवस तुम्ही मला एकेक पायरी सांगितलीत.

तेवीस पायऱ्या. वैशाखात पाणी तळाला गेलं की गाळ काढायचा दिवस ठरे, आणि त्या दिवशी प्रत्येक आळी आपापल्या पायरीवर उभी राही. सातवी साळ्यांची, नववी तांबोळ्यांची, अकरावी आम्हा परटांची आणि न्हाव्यांची मिळून. गाळाची पाटी खालून वर हातोहात येई. कोणती आळी कधी गावात आली, कोणती भांडून पायरी सोडून गेली, प्लेगात कोणत्या पायरीवर उभं राहायला माणूसच उरला नाही आणि मग शेजारच्या आळीनं दोन्ही पायऱ्या कशा धरल्या, हे सगळं तुम्ही पायरीवर बोट ठेवून सांगत असा. पोस्ट कधी आलं, दवाखाना आधी कुणाच्या पडवीत होता, पहिला कंदील कुठं लागला, हेही तुम्हाला पायऱ्यांवरूनच आठवे. "त्या वरशी चौदावी पायरी हालत हुती," तुम्ही म्हणायचात, "म्हंजी दवाखाना त्याच्या दुसऱ्या वरशी."

सर्वांत खाली, पार चिखलात, महारवाडा आणि मांगवाडा. मी विचारलं, "एरवी त्यांना पहिल्या पायरीवरही पाय ठेवू देत नाहीत, आणि गाळात कसे चालतात?" तुम्ही विडीची राख झटकलीत. मग म्हणालात, "त्ये मी ठरिवलं न्हाय, बाळू. मला जेवढं जमतंय तेवढं मी करतो." तुम्हाला जमत होतं ते मला माहीत होतं. सकाळी कमानीबाहेर रिकाम्या घागरी घेऊन थांबलेल्या बायांना आधी तुम्ही पाणी आणून ओतायचात, मगच झाडूवाल्यांची हजेरी घ्यायचात.

आणि त्याच्याही आधी तुमची ती ओंजळ. रोज उजाडताना तुम्ही पाणी लागेपर्यंत पायऱ्या उतरायचात, पाण्यात घोटाभर उभे राहायचात आणि एक ओंजळ प्यायचात. ती तुमची तपासणी. तोंडात पाणी घोळवून तुम्ही सांगायचात की गाळ सुटलाय, किंवा पानं कुजलीत, किंवा पाणी गोड आहे. आरोग्य खात्याचे इन्स्पेक्टर एकदा काचेची बाटली घेऊन आले होते. तुम्ही त्यांना म्हणालात, "साब, बाटलीला चव कळती काय?"

आता ते सांगतो, जे सांगायला बसलो आहे.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आपल्या कचेरीत नारूबद्दलचं हस्तपत्रक आलं. नारू आपल्याकडे सर्दी-पडशासारखा. पाय सुजतो, फोड येतो, फुटतो आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा बाहेर यायला लागतो. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा. आपल्या गावात असं घर नाही की जिथं कुणाच्या तरी पायाला ती काडी बांधलेली नाही. त्या पत्रकात लिहिलं होतं की हा रोग पायऱ्यांच्या विहिरींचं पाणी प्याल्यानं होतो. पाणी दुहेरी फडक्यानं गाळून प्यावं, आणि शक्य तिथं पायऱ्या बंद करून वरून रहाट बसवावा. तुम्ही म्हणालात, वाच. मी वाचलं. तुम्ही समोर बाकावर बसला होतात. नुकतेच बारवेवरून आला होतात, धोतराचा काठ ओला होता, आणि डाव्या घोट्याला फडकं बांधलेलं होतं. त्या उन्हाळ्यात तुम्हालाही नारू होता.

चाचा, त्या पत्रकातलं एक वाक्य मी गाळलं.

ते असं होतं: ज्याच्या पायातून नारू बाहेर पडत आहे त्याने पाण्यात पाय बुडवू नये, कारण त्याच्या पायातूनच रोगाचे बीज पाण्यात उतरते आणि ते पाणी पिणाऱ्या सर्वांना रोग होतो. मी त्या वाक्याशी आलो, तुमच्या ओल्या काठाकडे पाहिलं, आणि डोळे खालच्या ओळीवर नेले. तुम्हाला कळलं नाही. तुम्हाला कसं कळणार? मला वाटलं, पंचवीस वर्षं गावाचं पाणी राखणाऱ्या माणसाला मी कसं म्हणू की चाचा, पाण्यात रोग तुम्हीच घालता आहात. मला वाटलं, पुढं कधीतरी बेतानं सांगू. मग तुमचा नारू निघाला, पाय बरा झाला, आणि सांगायची वेळ गेली असं मी मनाशी म्हणालो. पुढच्या वर्षी गावात नारू फार निघाले. त्यातले किती तुमच्या पायाचे आणि किती दुसऱ्यांच्या, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण तुम्हाला ते वाक्य ऐकवलं असतं तर त्या दिवसापासून तुम्ही पाण्याला पाय लावला नसता, एवढं मला नक्की ठाऊक आहे. माझ्या भिडेनं काय केलं ते मी बी. ए. होऊनही मोजू शकत नाही.

सांगायचं ते सांगितलं नाही, आणि त्याऐवजी मी ठराव आणला. पायऱ्या भिंत घालून बंद कराव्यात, वर चौकट करून रहाट बसवावा. सभेनं तुमचं मत विचारलं. तुम्ही दारातच उभे राहिलात, बसा म्हटलं तरी बसला नाहीत.

"पायऱ्याच्या हिरीला दोर लागत न्हाय, साहेब. जिच्या घरी घागर हाय तिला पाणी हाय. रहाट आला की दोर आला, पोहरा आला. मुन्शिपालटी दोर दील. पयला दील. दुसरा? कोंडवाड्याची कडी तुटून दोन वरसं झाली. मी सुतळीनं दार बांधलंय. काल म्हस सुतळी खाऊन गेली."

सगळे सभासद हसले. अध्यक्षांनी ठराव पुढं ढकलला. बाहेर आल्यावर मी तुमच्याशी तोडून बोललो. माणसांच्या पायातून किडे निघताहेत आणि तुम्ही दोराचं बोलता, असं म्हणालो. तुम्ही विडी पेटवलीत. "किडा वरसातनं येकदा, बाळू. तहान रोज. आन् मी तुज्याविरुद्ध न्हाय बोललो. रहाटाविरुद्ध बोललो."

"तुम्ही निदान गाळून तरी प्या."

"दरोगाच पाणी गाळून प्यायला लागला तर गावानं काय समजायचं?"

तो वाद तसाच राहिला. दोन वर्षं आपण तो अधूनमधून उकरून काढत होतो, कधी हसत, कधी नाही. तुमचं म्हणणं खोटं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. माझं खरं होतं हे तर पत्रकातच छापलं होतं. दोघंही बरोबर असलेल्या भांडणात शेवटी काय करायचं असतं हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

या वर्षी ज्येष्ठात तुमच्या गुडघ्याखाली पुन्हा फोड आला. साळूबाई नारू काढायला येऊ लागल्या. गावातल्या निम्म्या लोकांचे नारू त्यांनी काढलेले. रोज सकाळी येऊन, गरम पाण्यानं शेकून, त्या काडीला एक वेढा द्यायच्या, फार तर दीड. या वेळी ताप येऊ लागला होता. मी घाबरलो. म्हणालो, सोलापूरला दवाखान्यात नेऊ. साळूबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"आठ दिस हालवू नगा. निम्मा भाईर आलाय. तुटला तर आत इख व्हतंय."

"बाई, तिथं मोठे डॉक्टर आहेत."

"असतील की. त्यास्नी म्हनावं, आठ दिसानं या."

चाची दारात उभ्या होत्या. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "बाळू म्हनतोय तर जाऊ. त्यो शिकलाय."

चाचा, तुम्ही एरवी माझं कधी ऐकलं होतं? गाळून प्या म्हटलं ते ऐकलं नाही, रहाट म्हटलं ते ऐकलं नाही. हे एकच ऐकलंत.

बैलगाडीत पेंढा घातला, वर गादी. पाय उशीवर ठेवून काडी सुटू नये म्हणून मी फडकं बांधलं. स्टेशन आठ कोस. चाची तुमच्या डोक्याशी बसल्या होत्या, मी पायाशी. सकाळचा गार वारा होता आणि तुम्हाला थोडं बरं वाटत होतं. त्या वेळी तुम्ही ते बोललात.

"बाळू, येक ऐक. माज्या पायाचं नाव घिऊन बारव बंद करू नका. तुला पटत आसंल तर कर बंद, तुजं वाचन हाय, माजं न्हाय. पर दरोग्याला पाण्यानं मारलं आसं कुणी म्हनू नये. त्या पाण्यानं मला जन्मभर पोसलंय."

मी 'हो' म्हणालो नाही. 'असं काही होणार नाही' असं म्हणालो, आणि रुमाल ओला करून तुमच्या कपाळावर ठेवला. तुम्ही डोळे मिटलेत. तुम्हाला वाटलं असेल मी कबूल केलं.

पुढं ओढ्याचा उतार लागला. गाडीवान सावकाश उतरवत होता, त्याचा काही दोष नाही. डावं चाक एका दगडावर चढलं आणि खाली आदळलं. तुमच्या तोंडून आवाज निघाला नाही. मी फडकं सोडून पाहिलं तेव्हा काडी मोकळी होती. तुम्ही मान उचलून बघितलंत. "तुटला," म्हणालात, अगदी कोंडवाड्याची कडी तुटल्याची वर्दी द्यावी तसं. मग चाचीला म्हणालात, "साळूबाईला सांगू नका. तिला वाईट वाटंल." कुर्डुवाडीला आगगाडी बदलेपर्यंत सूज मांडीपर्यंत चढली होती.

दवाखान्यात त्यांनी केलं ते सगळं ठीक केलं. पाय चिरला, पू काढला, दिवसातून दोनदा धुतला. डॉक्टरांनी मला कोपऱ्यात नेऊन इंग्रजीत सांगितलं की विष रक्तात भिनलं आहे. मी ते मराठीत चाचीला सांगताना पुन्हा शब्द गाळले. 'जरा वेळ लागेल' असं म्हणालो. माझी ती सवयच झाली आहे असं दिसतं. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

उकाडा होता, गाव लांब होतं. चाचींनीच ठरवलं, "हितंच ठेवा." खांदा द्यायला मशिदीतून माणसं आली, भली माणसं, पण त्यातल्या एकालाही तुमचं नाव ठाऊक नव्हतं. मी माती दिली. कुठं उभं राहायचं ते मला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हाताला धरून दाखवलं. परतताना चाची एकदाच बोलल्या. "गावातल्या येकेका घराचा रस्ता ह्यास्नी पाठ हुता. हितली वाट बी ठाव न्हाय की रं त्यास्नी." मी त्यांच्या हातातलं गाठोडं घेतलं. त्यात तुमचा कोट होता.

सभा तुमच्या शोकासाठी भरली होती. अध्यक्ष बोलायला उठले आणि त्यांना बोलवेना. हे मी ढोंग म्हणून सांगत नाही; तुमच्यावर त्यांचा जीव होता. उपरण्यानं डोळे पुसून ते म्हणाले, "ज्या पाण्यानं आपला दरोगा नेला ती बारव आपण अजून उघडी ठेवायची का?" मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "चिटणीस, तुम्ही शेवटपर्यंत जवळ होतात. काही बोलले का ते?"

तुम्ही गाडीत बोललेलं सगळं माझ्या कानात होतं, शब्दन् शब्द. मी ते सांगितलं असतं तर ठराव त्या दिवशी पडला असता. गाव तुमचा शब्द मोडणार नव्हतं. आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पाय सुजले असते, पोरांचे, बायांचे. मी उभा राहिलो. म्हणालो, "शेवटी शेवटी ग्लानीत होते."

ठराव एकमतानं मंजूर झाला. दोन वर्षं जे माझ्यानं झालं नाही ते चहा गार व्हायच्या आत झालं. 'दरोगा कासिम यांच्या दुःखद निधनाचे कारण लक्षात घेता' असे शब्द मी माझ्या अक्षरात लिहिले. अक्षर बरं आलं आहे. खाली मी आणखी एक ओळ जोडायला सांगितली, रहाट सर्व वस्त्यांना, कमानीबाहेर थांबणाऱ्यांनाही, खुला राहील. अध्यक्ष हळूच म्हणाले, "आज नको. आज शोकाची सभा आहे. वाद नको." ती ओळ राहून गेली. तुमच्या ओतण्यावर ज्यांचं पाणी चालत होतं त्या बाया सतरा दिवस कुणाची वाट पाहत उभ्या असतात ते मी रोज कचेरीला येताना बघतो. कुणी ओततं, कुणी ओतत नाही. तुमच्या जागी नेमणूक अजून झालेली नाही.

तुमचा शब्द मी मोडला, चाचा. पहिल्यांदा तुमचा मान राखायला गप्प बसलो, दुसऱ्यांदा तुमचा शब्द बुडवायला. आणि दोन्ही वेळी मला वाटलं की मी भलंच करतोय. हे छापून आलं म्हणजे अध्यक्षांना कळेल, सभासदांना कळेल, साळूबाईंना कुणीतरी वाचून दाखवील. कुणी म्हणेल काम थांबवा. थांबवू नये असं मी म्हणेन. कुणी विचारील, मग सांगितलंस कशाला? तुम्हाला न सांगता मी आणखी एक कागद गाळू शकत नव्हतो, इतकंच.

तुम्ही क्षमा केली असती की नाही, याचा विचार मी करतो. केली असती असं वाटतं, आणि त्याचाच त्रास होतो. तुम्ही म्हणाला असता, त्यो शिकलाय.

इथवर लिहून मी मघाशी बारवेवर जाऊन आलो. खालच्या बाजूनं भिंतीचे दोन थर चढले आहेत. गवंड्यानं बायांसाठी एका अंगाला तात्पुरती वाट ठेवली आहे. भिंत पुरी होईपर्यंत पाणी तिथूनच न्यायचं. चुन्याचे ढीग आणि दगड यांच्यामधून त्या वरखाली करत होत्या. मी कमानीशी उभा होतो. एक बाई वर आली, खालच्या मळ्यातली असावी, मला ओळखत नव्हती. तिनं घागरीवर घागर अशी मोठी खेप आणली होती. सर्वांत वरच्या पायरीवर ती टेकवून दम घ्यायला थांबली. गुडघ्यापर्यंत लुगडं भिजलं होतं.

"काम कशाचं चाललंय, दादा?"

"पायऱ्या बंद करताहेत."

"आन् दरोगा कुटं हायती? चार हप्ते गावात आले न्हाय मी, मळ्यातली हीर आटली तवा आले."

"वारले."

ती खाली बसली. तोंडाला पदर लावला. मग विचारलं, "कशानं?"

पाण्यानं, असं म्हणायची मला मनाई होती. गाडीच्या चाकानं म्हणता येत होतं, माझ्यानं म्हणता येत होतं. यांतलं काहीही म्हटलं असतं तर ते खरं ठरलं असतं, आणि पुरतं ठरलं नसतं. मी म्हणालो, "ताप आला होता."

"भला माणूस," ती म्हणाली. मग उठली, पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि घागरींकडे बघून म्हणाली, "जरा हात लावा की."

ते पाणी कसलं आहे हे मला ठाऊक होतं. गाळून प्या, हे मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली, सगळे हलवतात तशी. मी वाकलो, दोन्ही हातांनी खेप उचलली आणि तिच्या चुंबळीवर ठेवली. काठोकाठ भरलेली होती. एकट्या बाईला उचलण्यासारखी नव्हती.